घरघर म्हणजे श्वास नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या श्रावणात माग बंद करून जेवायला उठलो आणि दारातच कोसळलो, असे घरचे सांगतात. मला त्या दिवसातले काहीच आठवत नाही. गल्ली जमली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, कुणी पाण्याचा तांब्या आणला. मी मधूनच तोंड उघडून आचका देत होतो, म्हणून सगळे म्हणाले, ‘श्वास हाय, श्वास हाय.’ तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटे माणूस असा घरघरू शकतो, हे नंतर डॉक्टरांकडून कळले. त्या घरघरीवर विसंबून किती जण गेले असतील!

समोरचा पोरगा एनसीसीच्या शिबिरात शिकून आला होता. त्याने मला फरशीवर उताणे केले, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दाबायला घेतले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. आमचा जुना माग साधारण याच चालीवर ठोकतो. ‘बरगड्या मोडशील,’ म्हणून काकांनी त्याचा हात धरला. मोडल्याच, दोन. त्या महिन्या-दीड महिन्यात सांधल्या.

बायकोने १०८ ला फोन लावला. पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली आणि एरवी बाजारात फाडफाड कन्नड बोलणाऱ्या तिला शब्द सुचेना. शेजारच्या अक्कांनी फोन घेऊन पत्ता सांगितला. (सीमाप्रश्न तेव्हा कुणाला आठवला नाही.) गाडी येईपर्यंत तालमीतली पोरे आळीपाळीने दाबत राहिली, मग गाडीत हृदयाला विजेचा शॉक दिला. दाबणे आणि शॉक दोन्ही लांबले, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते म्हणतात.

म्हणून मंडळांना विनंती: यंदा डॉल्बीच्या खर्चातून थोडे वाचवून मांडवात एक संध्याकाळ पुतळ्यावर छाती दाबायचा सराव ठेवा. आणि शॉकचे यंत्र निदान बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर दिसेल असे असावे.

आणखी एक. दवाखान्याने घरी सोडताना गोळ्यांचा कागद दिला, पुढचे कुणी सांगितले नाही. मागाच्या सुताच्या कांड्या भरल्या का, हे मी तासात तीनदा विचारतो. विनाकारण चिडतो. मेंदूला काही मिनिटे रक्त कमी पडले की असे होऊ शकते, हे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले, तोवर घरात चार भांडणे होऊन गेली होती. बायको अजून रात्री दोन-तीनदा उठते आणि माझ्या छातीवर हात ठेवून बघते. मी जागा असतो, पण डोळे मिटून पडून राहतो.

– एक विणकर, वडगाव, बेळगाव