व्याख्यानमालेसाठी आवाहन : देणगी हवी, पण दोन हजारांच्या आत

सप्रेम नमस्कार,

निफाड तालुक्यातल्या आपल्या वाचनालयाच्या अंगणात मे महिन्यात पाच दिवस व्याख्यानमाला भरते. यंदा तिला पैसे कमी पडताहेत. का, ते आधी सांगतो.

एका गृहस्थांनी मंडपापासून मानधनापर्यंत सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. व्यासपीठामागे त्यांचा फलक लावायला आम्ही राजीही झालो असतो. पण कांदा निर्यातीवरचा परिसंवाद काढून तिथे हास्यसंध्या ठेवा, अशी त्यांची दुसरी अट होती. समितीत दोन तास वाद झाला. (हास्यसंध्येला गर्दी जास्त होते, हे कुणीच नाकारलं नाही.) शेवटी नकार कळवला आणि ठरवलं, की एका घराकडून 2,000 रुपयांच्या वर घ्यायचेच नाहीत.

कांदा निर्यातीचा हा विषय सोडून द्यायला आमचं मन होईना. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात होता. भाव कसे कोसळले ते तुम्हाला सांगायला नको. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य लावून, म्हणजे त्याहून कमी भावानं माल बाहेर पाठवायचा नाही. शुल्क पुरतं गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. मधल्या काळात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले, आणि आपली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाऊ लागली. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त हवा, यात त्याचं काही चुकत नाही. पण आपल्याकडून माल मिळेना म्हणून दुसरीकडे वळलेलं गिऱ्हाईक परत येतं का? शेतकरी, निर्यातदार, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि ग्राहक चळवळीतल्या एक ताई, असे चौघे यावर समोरासमोर बोलणार आहेत.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले आपल्या कापसाचे भाव ते युद्ध संपल्यावर पडले, हेही त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे परदेशातल्या घडामोडी आपल्या ओट्यावर येऊन बसतात, हे काही आजचं नाही.

पैसे लागतात ते वक्त्यांच्या प्रवासाला, ध्वनिक्षेपकाला आणि खुर्च्यांच्या भाड्याला. वाचनालयात संध्याकाळी 5 ते 8 कुणीतरी असतं. शंभर रुपये दिले तरी पावती मागून घ्या. सगळा हिशोब जूनच्या पहिल्या आठवड्यात दारावरच्या फळ्यावर लागेल. वक्त्यांना जेवायला दोन घरांनी बोलावलं आहे, आणखी तीन हवीत. साधं पिठलं-भाकरीही चालेल, फक्त तिखट जरा बेतानं.

माइक घेऊन फिरायला चार पोरंपोरी हव्यात. गेल्या वर्षी तो बायकांच्या बाजूला एकदाही पोचला नाही, आणि ही चूक आमचीच. यंदा पहिला प्रश्न तिकडूनच घेऊ. प्रश्न विचारतो म्हणून उभं राहून भाषण ठोकणाऱ्यांसाठी शाळेची घंटा मागून आणली आहे.

वळवाच्या पावसाचा भरवसा नाही. कांद्यावरची सोडून एखादी ताडपत्री मोकळी असेल तर पाच दिवसांसाठी द्या. नाव घालून ठेवा, म्हणजे परत करताना घोळ व्हायचा नाही.

आपली,
व्याख्यानमाला समिती