गडावरचे श्रमदान: आधी गाळ मोजा, मग माणसे बोलवा

माननीय संपादक,
स. न.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की गडसंवर्धनाच्या निवासी मोहिमांच्या जाहिराती झळकू लागतात. दोन दिवसांची सहल, सकाळी श्रमदान, संध्याकाळी गडफेरी, निघताना प्रमाणपत्र आणि टी-शर्ट. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा हा उत्साह ओसरणार नाही हे उघड आहे. तो ओसरूही नये. पण आलेल्या माणसांना काम कोणते द्यायचे, इथेच बहुतेक मोहिमा घसरतात. कुणी ढासळलेल्या तटाचे दगड मनाला येईल तसे रचतो, कुणी सांध्यात सिमेंट भरतो, कुणी बुरुजातला उंबर मुळासकट ओढून काढतो आणि त्याबरोबर दोन चिरेही खाली येतात. चुन्याचे काम जाणकार गवंड्याचे आहे, सुट्टीवर आलेल्या पाहुण्याचे नाही. कौशल्य नसलेल्या पण अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसासाठी गडावर एक काम हमखास असते: कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढणे.

हे काम डिसेंबरात होत नाही, टाकी भरलेली असतात. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पाणी तळाला जाते, तेवढाच काळ हाती असतो. म्हणून परवानगीचा अर्ज जानेवारीतच गेला पाहिजे. तो कुणाकडे, हे गडागडावर बदलते. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. हरिश्चंद्रगडासारखा गड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याशिवाय पान हलत नाही. अर्जात टाक्याचे मोजमाप, सध्याचे फोटो, कामाच्या तारखा, माणसांची संख्या आणि गाळ टाकण्याची जागा लिहावी. ‘गडाची स्वच्छता’ एवढ्या मोघम शब्दांवर परवानगी मागणाऱ्याने काय काम करायचे हे ठरवलेलेच नसते.

आता हिशेब. समजा टाके चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आहे आणि तळाशी अर्धा मीटर गाळ आहे. म्हणजे सहा घनमीटर, ओल्या वजनात सुमारे दहा टन. घमेले काठोकाठ भरले तर वीस किलोच्या आसपास जाते आणि अर्ध्या तासात साखळीतल्यांची कंबर धरते. दोन तृतीयांशच भरावे, बारा-तेरा किलो. अशी साडेसातशे ते आठशे घमेली होतात. साखळी नीट चालली तर मिनिटाला दोन बाहेर पडतात, म्हणजे साडेसहा तास, म्हणजेच दोन सकाळी. त्याला पंचवीस माणसे पुरतात: पाच जण खाली फावड्यावर, दोघे दोरावर, बाराजण हातभर अंतराने साखळीत, दोघे गाळ पसरायला, बाकीचे रिकामी घमेली परत न्यायला आणि पाळी बदलायला. दर वीस मिनिटांनी जागा बदलावी. एका टाक्यावर शंभर माणसे आणली की सत्तर जण फोटो काढतात, हा सगळीकडचा अनुभव आहे. रिकामी घमेली परत आणायला वेगळी ओळ लावा. एकाच ओळीतून भरलेली आणि रिकामी जाऊ लागली की साखळी तुंबते.

तळाशी पहार नको. फावडे, घमेली, जाड दोर, बादल्या एवढेच. गाळ सैल करताना कुदळीचा घाव कातळावर बसला की छिन्नीच्या मूळ खुणा जातात. शेवटचा वीतभर थर हाताने आणि खुरप्याने काढावा.

खांबटाक्यांबाबत, म्हणजे आत दगडी खांब ठेवून कातळाच्या पोटात कोरलेल्या टाक्यांबाबत, मात्र विशेष सावध राहा. तोंड लहान, आत अंधार, तळाशी कुजलेला पालापाचोळा. अशा ठिकाणी हवेत प्राणवायू कमी असू शकतो आणि गाळ ढवळला की घातक वायू सुटतात. दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली, असे समजू नये. ज्या टाक्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत उजेड आणि वारा पोचत नाही, ते हौशी गटाने हाती घेऊच नये. पेट्रोलचा पंप तर टाक्यात उतरवायचाच नाही, त्याच्या धुराने माणसे मरतात. उघड्या टाक्यातही उतरण्याआधी काठीने कपारी ठोकाव्यात. विंचू असतात, विरोळे म्हणजे पाणसाप असतात. विरोळा बिनविषारी आहे, त्याला मारू नका. आणि गडावरचे सगळे पाणी एकाच हंगामात उपसू नका. गुराख्यांचे, जनावरांचे, पाखरांचे निदान एक टाके तसेच ठेवावे.

काढलेला गाळ ताडपत्रीवर हाताने फोडून पाहायचा. त्यात खापरे, लोखंडी तुकडे, नाणी, कधी दगडी तोफगोळा निघतो. निघाल्यास काम थांबवा, वस्तू किती खोलीवर आणि कोणत्या कोपऱ्यात सापडली ते लिहा, पट्टी ठेवून फोटो घ्या आणि खात्याला कळवा. धुऊन, घासून चकचकीत करू नका. आठवण म्हणून खिशात घालणे हा गुन्हा आहे. १८७८चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा आजही लागू आहे.

गाळ टाकायचा कुठे, यावर वर्षभराची मेहनत टिकते किंवा वाहून जाते. कड्यावरून ढकलला तर खालच्या वाटेवर नाहीतर शेतात जातो. टाक्याच्या वरच्या अंगाला टाकला तर पहिल्याच पावसात परत आत येतो, आणि सोय म्हणून नेमका तिथेच टाकला जातो. उताराच्या खालच्या बाजूला सपाट जागी पातळ पसरावा, कडेला सुटे दगड लावावेत. एवढे करूनही काही टाकी दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा भरतात, कारण गाळ येण्याची वाट तशीच राहते. टाक्याकडे पाणी आणणारी कातळातली पन्हळ मेअखेर मोकळी करावी आणि तिच्या वरच्या टोकाला, कातळात न खोदता, सुट्या दगडांचा गुडघाभर बांध घालावा, म्हणजे माती तिथे बसते. पन्हळ अडवणारा किंवा वळवणारा बांध मात्र परवानगीत नमूद असल्याशिवाय घालू नका. हे काम दिसायला किरकोळ आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून बहुतेक मोहिमांत राहूनच जाते.

पाणी स्वच्छ करायची हौस म्हणून टाक्यात ब्लीचिंग पावडर ओतू नये. बेडूक, खेकडे, मासे सगळेच मरतात.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा. माणशी चार-पाच लिटर पिण्याचे पाणी पायथ्यावरूनच वर न्यायचे, कारण वरची टाकी आपणच उपसतो आहोत. आग्या मोहोळ असलेल्या कड्याजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन बंद. दुपारी ढग जमू लागले की माथ्यावरून खाली या. वळवाच्या विजा उघड्या माथ्यावर पडतात.

पायथ्याच्या गावाशी व्यवहार आधीच ठरवावा. जेवणाचा दर, मुक्कामाचा दर, पैसे कुणाच्या हाती, सगळे उघड. दोर बांधायला आणि वाट दाखवायला गावातली दोन माणसे मजुरी देऊन घ्या. शहरातला माणूस फुकट राबतो म्हणून गावकऱ्यानेही फुकट राबावे, ही अपेक्षा गैर आहे, आणि टी-शर्टचे पैसे त्या मजुरीवर घातले तर काम दुप्पट होईल.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अशा मोहिमांची माहिती छापताना आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरेही छापावीत: परवानगीचा जावक क्रमांक, टाक्याचे मोजमाप, गाळ टाकण्याची जागा आणि कमाल माणसे किती. शिवाय ही माहिती एप्रिलच्या सुट्टी पुरवणीऐवजी जानेवारीत आली, तर अर्ज करायला वेळ उरेल.

— दुर्गसंवर्धनाच्या कामातील काही वाचक, जुन्नर