पाडण्याआधी आळीची मापे घ्या

महोदय,

आमच्या आळीतले एक जुने चिरेबंदी घर गेल्या महिन्यात पाडले. घर मालकाचे होते आणि ते पाडण्याचा हक्कही त्याचाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु घराची दर्शनी बाजू किती रुंद होती, पडवीला किती खांब होते, लगतची पाणंद विहिरीकडे कशी वळत होती, याची नोंद कोणीही केली नाही, हे मनाला लागून राहिले आहे. त्या निमित्ताने एका डच चित्राची हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने १६५८ च्या सुमारास डेल्फ्ट या आपल्या गावातली एक गल्ली रंगवली. जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आणि ४४ सेंटिमीटर रुंद असलेले हे चित्र आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात राजा नाही, लढाई नाही, देवदेवताही नाहीत. विटांचे एक उंच घर आहे, त्याच्या दारात एक बाई हातातल्या कामावर मान खाली घालून बसली आहे, फरसबंदीवर दोन मुले खेळण्यात गुंग आहेत आणि बोळाच्या आत एक मोलकरीण पिंपाशी वाकली आहे. भिंतीचा खालचा भाग चुन्याने पांढरा केलेला आहे, आणि विटांना गेलेले तडे जिथे बुजवले आहेत, ती डागडुजीही चित्रकाराने जशीच्या तशी दाखवली आहे. आपल्याकडे पावसाळ्याआधी ज्याने भिंतीच्या भेगा लिंपल्या असतील, त्याला ही भिंत परकी वाटणार नाही.

ही गल्ली नेमकी कुठली, यावर अभ्यासकांचा वाद बराच काळ चालला होता. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्स ग्राइझेनहाउट यांनी २०१५ मध्ये त्याचे उत्तर मांडले, ते एका कराच्या वहीच्या आधारे. डेल्फ्टमधील कालव्यांचा गाळ काढण्यासाठी आणि काठाच्या देखभालीसाठी घरमालकांकडून कर घेत, आणि त्यासाठी १६६७ च्या वहीत कालव्याकाठच्या घरांची व बोळांची रुंदी लिहून ठेवलेली होती. दोन घरे आणि त्यांच्या मधोमध लागून असलेले दोन बोळ ही चित्रातली रचना त्या मापांशी जुळली ती फ्लामिंगस्ट्राट या रस्त्यावर. उजवीकडचे घर व्हर्मीरच्या आत्याचे निघाले. ही विधवा बाई वजडी विकून पाच मुलांना पोसत होती, आणि घरालगतच्या बोळालाही वजडीवरूनच नाव पडले होते. कर वसूल करणाऱ्या कारकुनाने टाकलेले आकडे साडेतीनशे वर्षांनी असे उपयोगी पडले, याचे मला फार अप्रूप वाटते.

डेल्फ्ट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, आणि याच कंपनीने १६३७ मध्ये आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली. त्या वखारीची पडझड झालेली वास्तू निदान पाहुण्यांना दाखवली तरी जाते. आळ्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही.

किनाऱ्यावरील नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती घरपट्टीसाठी घरांची मोजमापे घेतच असतात. जुने घर पाडण्याची परवानगी देताना त्याच कागदांना दर्शनी भागाची रुंदी, बोळाचे माप, ओटी-पडवीचा साधा आराखडा आणि चार छायाचित्रे जोडून ती जपून ठेवावीत, एवढीच माझी विनंती आहे. शाळांतील चित्रकला शिक्षकांनाही एक सांगणे आहे. रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी आमची मुले बसस्थानक आणि बाजार अनेकदा गिरवतात. त्यांना एखादी सकाळ आळीत बसवून समोरचे घर पाहून काढायला सांगावे, त्यातल्या तुटक्या कौलांसकट.

आमच्या आळीत अजून सात जुनी घरे उभी आहेत. त्यांपैकी दोन घरांची कौले येत्या मे महिन्यात उतरणार आहेत. टेप घेऊन तिथे जायचे तर त्याआधीच जायला हवे.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले