पाऊण अधिक अर्धा : माझ्या गणिताच्या ताईंना

ताई,

वर्ग संपला की तुमच्याशी बोलायचं असं दर वेळी ठरवायचे आणि वही पिशवीत टाकून निघून जायचे. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारख्या बायका आणखी आहेत आणि तुमच्यासारखं शिकवणारं कुणी असतं, हे त्यांना कळायला हवं.

पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर एकही आकडा लिहिला नाहीत. गणित म्हटलं की मनात काय येतं ते दहा मिनिटं लिहा, कुणाला दाखवू नका, एवढंच सांगितलंत. मी चव्वेचाळीस वर्षांची. पण लिहिताना पुन्हा तिसरीच्या बाकावर जाऊन बसले. पाढा अडला म्हणून उभं केलेलं, मागून येणारं हसू, घामेजलेले तळवे. नाकारलेल्या बढतीबद्दलही लिहिलं. त्या कामात अंदाजपत्रक सांभाळायचं होतं. घरी मात्र ‘वेळ जमणार नाही’ असं सांगितलं होतं.

मग तुम्ही २०१२ सालच्या मेंदूच्या एका अभ्यासाबद्दल बोललात. गणिताची धास्ती असलेल्यांना आता गणित येणार एवढं नुसतं कळलं, तरी शारीरिक वेदनेशी संबंधित मेंदूचा भाग जागा होतो. प्रत्यक्ष गणित सोडवताना तसं दिसलं नाही. शिवाय धास्तीनं मन व्यापलं की आकडे डोक्यात धरून ठेवायला जागाच उरत नाही. ‘येत नाही’ आणि ‘या घटकेला सुचत नाही’ यांतला फरक मला तोवर कुणी सांगितला नव्हता. त्या रात्री मी खूप रडले आणि शांत झोपले.

अपूर्णांकांचा दिवस तर मी विसरणं शक्य नाही. “पाऊण अधिक अर्धा?” तुम्ही विचारलंत. “सव्वा,” मी म्हणाले, विचारही न करता. तुम्ही वळलात आणि फळ्यावर लिहिलंत : ३/४ + १/२ = ५/४. समान छेद, लसावि, ज्यांच्या नावानं पोटात गोळा यायचा ते सगळं मी तोंडी करून बसले होते! पुढे भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, हे शाळेत घोकलं होतं. का, ते कधी कळलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, दीडमध्ये पाव किती वेळा बसतो? सहा वेळा. एकात चार वेळा बसतो, म्हणून चारनं गुणायचं. इतकी वर्षं हे माझ्यापासून दूर का राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ताई, तुम्ही एकदाही ‘सोपं आहे’ म्हणाला नाहीत. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. सोपं आहे म्हटलं आणि ते जमलं नाही, की बाई स्वतःलाच कमी समजू लागते. तुम्ही फक्त “कसा विचार केलात?” असं विचारायचात, उत्तर बरोबर असलं तरीही.

शिक्षिकांच्या मनातली गणिताची धास्ती पहिली-दुसरीतल्या मुलींपर्यंत कशी पोचते, हे २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं, तेही तुमच्याकडूनच कळलं. मी शिक्षिका नाही, पण आई आहे. “मलाही गणित कधी आलं नाही गं,” असं मी लेकीला किती प्रेमानं सांगत आले! आता ते वाक्य बंद केलंय. परवा तिनं विचारलं तेव्हा “थांब, दोघी बघू” म्हणाले आणि खरंच बसले.

तुम्ही घरी दिलेला प्रश्न सुटला. १०० मध्ये २० टक्के वाढ, मग २० टक्के घट, तर ९६ च का उरतात? कारण घट १२० वर मोजली जाते. मी २५० घेऊन पाहिले, ६० घेऊन पाहिले, दर वेळी ४ टक्केच कमी. मग १० टक्क्यांनी करून पाहिलं, तर १ टक्का कमी. ३० टक्क्यांनी, तर ९. यात काहीतरी वर्गसंख्यांचं आहे असं दिसतंय. बुधवारी वही आणते.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी