चि. अनघास

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, टीमची प्रमुख केलंय मला, पण माझा पिंडच तो नाही." मीटिंगमध्ये आवाज चढव, छाप पाडायला शीक, असं साहेबांनी सांगितलं म्हणे. त्यात बेंगळुरूतली ती फर्डं इंग्रजी बोलणारी मंडळी, आणि तू मिरजेच्या मराठी शाळेतली. ते तुला किती खुपतं, हे आवाजातच कळलं.

इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलं, तेव्हा आधी तेच सांगते. साहेबांच्या म्हणण्याला आधार आहे. २००२ साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून तपासले. व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य गुणांपैकी बहिर्मुखतेचा, म्हणजे चारचौघांत मोकळेपणाने बोलण्या-वावरण्याच्या स्वभावाचा, नेतृत्वाशी संबंध सर्वांत ठळक निघाला. पण नेता म्हणून कोण पुढे येतं याच्याशी तो जास्त आहे, आणि पुढे आल्यावर काम किती चांगलं होतं याच्याशी कमी. तुझी निवड तर झालेली आहे! नंतर २०११ मध्ये ॲडम ग्रँट वगैरेंनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची दुकानं अभ्यासली. कर्मचारी सांगितल्याबरहुकूम चालणारे असतील तिथे बोलका प्रमुख नफ्यात राहिला. जिथे ते स्वतःहून सूचना करणारे होते, तिथे मितभाषी प्रमुखाचं दुकान पुढे गेलं, कारण तो ऐकून घ्यायचा.

हे वाचताना मला प्रत्येक वेळी भारताच्या क्रिकेट संघाचे कर्णधार अजित वाडेकर आठवतात. तुझ्या आजोबांचं दैवत ते.

त्यांच्या आधीचे कर्णधार मन्सूर अली खान पतौडी. नवाब, ऑक्सफर्डचे, वडीलही भारताचे कर्णधार, स्वतः एकविसाव्या वर्षी कर्णधार झालेले. आणि वाडेकर मुंबईचे, मध्यमवर्गीय घरातले, स्टेट बँकेत नोकरी करणारे, मोजकंच बोलणारे. १९७१ च्या जानेवारीत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर ते कर्णधार झाले. म्हणजे अर्ध्या समितीला ते नकोच होते. संघात पतौडींना मानणारेही होतेच. पतौडींची ऐट आणायला वाडेकर गेले असते तर ती त्यांना शोभली नसती, आणि सगळ्यांना ते लगेच कळलं असतं.

त्यांनी काय केलं बघ. दिलीप सरदेसाई संघाबाहेर पडले होते, त्यांच्यासाठी आग्रह धरला. वेस्ट इंडीजमध्ये सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात गेला, त्यामुळे फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरत होती. आपली होती १७०. नियम वाडेकरांना ठाऊक होता. ते उठून वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स यांच्याकडे गेले आणि शांतपणे सांगितलं, पुन्हा फलंदाजी करा. पुढच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला. त्यांच्या चेंडूवर लॉइड या फलंदाजाचा झेल वाडेकरांनीच घेतला, सोबर्स शून्यावर त्रिफळाचित. वेस्ट इंडीजविरुद्ध आपला तो पहिलाच कसोटी विजय, आणि मालिकाही त्याच विजयावर जिंकली. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध लंडनच्या ओव्हल मैदानावर शेवटच्या सकाळी ते धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले. जिंकल्याचं सांगायला त्यांना उठवावं लागलं. मागून येणाऱ्यांवर एवढा भरवसा! मला ही हकीकत फार आवडते.

पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही. तेच वाडेकर, तोच स्वभाव, आणि १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० अशी हार, लॉर्ड्सवर सारा संघ ४२ धावांत बाद. नुसत्या शांतपणाने काही तरून जात नाही. अबोल माणसाच्या मनातलं लोक आपापल्या परीने ओळखू पाहतात, आणि बहुतेकदा चुकीचंच ओळखतात. तुझ्या बाबतीत मला काळजी वाटते ती एवढीच. लहानपणीही तू रुसलीस की नुसती दमलीस, हे घरात कुणाला कळायचं नाही.

म्हणून आवाज चढवू नकोस, पण निर्णय झाला की तोंडाने सांग, कारणासकट. वाडेकर सोबर्सकडे स्वतः गेले होते, निरोप धाडला नव्हता. कुणाचं काम आवडलं तर तेही बोलून दाखव. तुला ते अवघड जातं, मला माहीत आहे. इंग्रजी अडखळलं तरी मुद्दा पूर्ण करूनच थांब. आणि तुझ्या टीममध्ये स्वतःहून सुचवणारे कोण, सांगितल्यावरच हलणारे कोण, हे या महिन्यात नीट बघून ठेव. दुसऱ्या प्रकारचे जास्त निघाले तर साहेबांचा सल्ला थोडा मानावा लागेल. मग कसं करायचं ते आपण बोलू.

बाबा आशीर्वाद सांगताहेत. गणपतीची रजा आत्ताच टाकून ठेव.

तुझी,
आई