युक्रेनची तरुण पिढी केवळ युद्धाची बळी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी आक्रमण केले, तेव्हापासून त्या युद्धाच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येत आहेत आणि मी त्या तितक्याच नियमितपणे वाचत आले आहे. किती क्षेपणास्त्रे डागली गेली, कोणते गाव कोणाच्या ताब्यात गेले, वाटाघाटी कोठे अडल्या हे त्यांतून कळते आणि ते कळायलाच हवे. परंतु तेथील तरुण मुले-मुली या बातम्यांत दोनच रूपांत दिसतात: पडक्या घरापुढे रडणारी, नाहीतर खांद्याला बंदूक लावलेली. या दोन छायाचित्रांच्या मधल्या जागेत त्यांनी जे प्रचंड काम उभे केले आहे, त्याची दखल मराठी वाचकापर्यंत जवळजवळ पोहोचलेलीच नाही, ही माझी तक्रार आहे. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. नागरिक कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे जे उत्तर मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले, त्याहून किती तरी स्पष्ट उत्तर मला या मुलांच्या कामात मिळाले. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी ते छापावे, अशी विनंती आधीच करते.

चेर्निहिव्ह शहराच्या दक्षिणेला याहिद्ने नावाचे एक छोटे खेडे आहे. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने ते व्यापले आणि साडेतीनशेहून अधिक गावकऱ्यांना, त्यात तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसेही होती, शाळेच्या तळघरात जवळजवळ चार आठवडे कोंडून ठेवले. पाय पसरायलाही जागा नव्हती. हवा अपुरी पडून काही वृद्ध तेथेच गेले. कोंडलेल्या लोकांनी भिंतीवर तारखा लिहून दिवस मोजले आणि दाराशेजारी मरण पावलेल्यांची नावे लिहून ठेवली. मार्चअखेर सैन्य मागे हटले, तेव्हा गावात धड छप्पर असलेली घरे मोजकीच उरली होती. उन्हाळा येताच ‘रिपेअर टुगेदर’ नावाच्या गटाने कीव्ह आणि इतर शहरांतून बसगाड्या भरून तरुण तेथे नेले. जुलैत अशाच एका दिवशी सुमारे २०० जण फावडी आणि घमेली घेऊन गावाच्या मोडलेल्या सांस्कृतिक भवनात उतरले. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांवर संगीताचे यंत्र मांडले गेले आणि त्या तालावर विटांचे तुकडे, फुटलेले पत्रे, जळके वासे हातोहात बाहेर निघू लागले. युद्धाआधी शनिवारची रात्र नाचण्यात घालवणारी ही मुले होती. नाचण्याची हौस त्यांनी टाकून दिली नाही, ती कामाला जुंपली. जेथे इतके मृत्यू झाले तेथे संगीत शोभते का, अशी शंका मलाही प्रथम वाचताना आली होती. पण महिनाभर अंधारात कोंडलेल्या गावात पुन्हा तरुण आवाज ऐकू येणे म्हणजे काय, हे तळघरातून बाहेर आलेल्या माणसालाच ठाऊक. त्याबद्दल लांबून शंका घेण्याचा अधिकार मला नाही. राडारोडा उपसून हा गट थांबला नाही. जवळच्या लुकाशिव्का गावात त्याने घरे बांधायलाही घेतली.

अशा कामाला युक्रेनमध्ये ‘तोलोका’ म्हणतात. एखाद्याचे घर उभे करायचे किंवा पीक काढायचे तर सारा गाव एक दिवस त्याच्याकडे राबतो, मजुरी कोणी घेत नाही आणि घरधनी सर्वांना जेवू घालतो, ही तेथील शेतकऱ्यांची फार जुनी रीत. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्या भाषेत इर्जिक हा शब्द आहे. शहरात वाढलेल्या, संगणकावर पोट भरणाऱ्या पिढीने खेड्यातला हा विसरत चाललेला शब्द उचलला आणि त्याला पुन्हा अर्थ दिला, याचे मला सर्वाधिक अप्रूप वाटते. कोणी आदेश काढला नव्हता, कोणते अनुदान जाहीर झाले नव्हते.

शाळकरी मुलांचे काम याहून साधे आणि म्हणूनच अधिक हलवून सोडणारे आहे. २०२२ च्या शरद ऋतूपासून रशियाने वीजकेंद्रांवर मारा सुरू केला आणि देशभर तासन्‌तास अंधार राहू लागला. त्या हिवाळ्यात शाळाशाळांतून ‘खंदकातल्या मेणबत्त्या’ तयार होऊ लागल्या. खाऊन संपवलेल्या डब्याबंद अन्नाचा पत्र्याचा डबा स्वच्छ धुवायचा, खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची डब्याच्या उंचीइतकी पट्टी कापून ती घट्ट गुंडाळून आत बसवायची, मधोमध थोडा उंच पुठ्ठा वातीसाठी ठेवायचा आणि वरून वितळवलेले मेण काठापर्यंत ओतायचे. असा एक डबा काही तास जळतो. त्यावर आघाडीवरचा सैनिक पाणी तापवतो, ओले मोजे वाळवतो, हाताची बोटे शेकतो. घराघरांतून जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे आणि रिकामे डबे गोळा करत फिरणारी दहा-बारा वर्षांची मुले मी डोळ्यांपुढे आणते, तेव्हा ‘परिसर अभ्यास’ हा शब्द मला वेगळाच वाटू लागतो. मासेमारीच्या जाळ्यावर हिरव्या-तपकिरी कापडाच्या पट्ट्या गुंफून तोफा आणि वाहने झाकण्यासाठी जाळ्या विणण्याचे कामही ग्रंथालयांत आणि शाळांच्या सभागृहांत असेच चालते. हिमवर्षाव सुरू झाला की पट्ट्या पांढऱ्या होतात.

युक्रेनमधील भारतीयांना मायदेशी आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’च्या दिवसांत खार्किव्हच्या भुयारी रेल्वेची स्थानके आपल्या वाचकांच्या परिचयाची झाली होती, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी तेथे आसरा घेतला होता. ते विद्यार्थी परतले आणि आपले लक्षही परतले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच स्थानकांत ६० वर्ग थाटून हजारावर मुलांची शाळा भरू लागली आणि मे २०२४ मध्ये त्या शहरात जमिनीखाली खास बांधलेली पहिली शाळा सुरू झाली. रशियाची सीमा इतकी जवळ आहे की भोंगा वाजण्याच्या आधीच क्षेपणास्त्र येऊन पडू शकते. अशा शहरात रोज दप्तर घेऊन निघणे हेच मी त्या मुलांचे कर्तृत्व मानते.

इहोर क्लिमेन्को हे नाव मात्र विज्ञानाच्या पानावर तरी यायला हवे होते. युद्ध सुरू झाले तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. कीव्हजवळच्या एका घराच्या तळघरात कुटुंबासह आसरा घेतलेला असताना त्याने आपला एक जुना, अर्धवट राहिलेला प्रकल्प पुन्हा हाती घेतला: जमिनीतले भूसुरुंग शोधणारे ड्रोन. उडत्या यंत्राला धातुशोधक जोडायचा आणि सुरुंग जेथे सापडेल त्या जागेचे नेमके स्थान चालकाकडे पाठवायचे, म्हणजे माणसाला प्रथम स्वतःच्या पायांनी त्या शेतात शिरावे लागत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, त्याला एक लाख डॉलरचे ‘ग्लोबल स्टुडंट प्राइझ’ मिळाले. पुरस्कार मोठा आहे, पण मला प्रश्नाची निवड अधिक मोलाची वाटते. युक्रेनमधील सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर भूभाग सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे संशयास्पद ठरला होता. त्यात गव्हाची आणि सूर्यफुलाची शेते आहेत. ‘पाकळी’ नावाचा एक सुरुंग तर तळहातात मावेल इतका लहान आणि प्लास्टिकचा असतो. मुले खेळणे समजून तो उचलतात. त्यात धातू फार थोडा असल्याने नुसत्या धातुशोधकाने असे सुरुंग सापडणे कठीण, हेही येथे सांगायला हवे. एका विद्यार्थ्याच्या यंत्राने हा प्रश्न सुटणार नाही. परंतु बाहेर स्फोट होत असताना, युद्ध संपल्यावर शेतकरी शेतात पाय कसा ठेवील, याचा विचार एक शाळकरी मुलगा करत होता.

आता ज्यांच्याविषयी लिहिताना हात जड होतो, त्या दोघांबद्दल. रोमान रातुश्नी हा १६ वर्षांचा असताना, ३० नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे, कीव्हच्या ‘मैदान’ नावाच्या मध्यवर्ती चौकात, तेव्हाच्या सरकारविरोधी आंदोलनात, पोलिसांचा मार खाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. पुढे त्याने शहरातील प्रोतासिव्ह यार ही हिरवी टेकडी टोलेजंग इमारतींपासून वाचवण्यासाठी बांधकाम व्यावसायिकांशी वर्षानुवर्षे झगडा दिला. मोर्चे काढले, खटले लढवले, धमक्या सोसल्या. आक्रमण झाल्यावर तो सैन्यात गेला आणि ९ जून २०२२ रोजी इझ्यूमजवळ मारला गेला. पंचविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. कीव्हमधील एका रस्त्याला आज त्याचे नाव आहे. इरिना त्सिबुख ही सार्वजनिक प्रसारणसंस्थेत काम करणारी पत्रकार. ती स्वयंसेवी वैद्यकीय पथकात दाखल झाली, आघाडीवरून जखमींना बाहेर काढत राहिली आणि २९ मे २०२४ रोजी, सव्विसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, खार्किव्हच्या आघाडीवर मृत्यू पावली. युक्रेनमध्ये रोज सकाळी ९ वाजता मृतांसाठी एक मिनिट मौन पाळले जाते. हे मौन नुसता उपचार राहू नये, त्या मिनिटाला रस्त्यावरच्या माणसाने खरोखर थांबावे, यासाठी ती जिवंतपणी तळमळीने धडपडली. आपल्या अंत्ययात्रेला लोकांनी भरतकाम केलेले पारंपरिक सदरे घालून यावे आणि गाणी म्हणावीत, असे तिने लिहून ठेवले होते. लोक तसेच आले. तसेच गायले. तिने सांभाळायला घेतलेल्या त्या मिनिटात आता तिचीही आठवण काढली जाते.

या दोघांना केवळ हुतात्मा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. रातुश्नीने टेकडी वाचवली आणि नंतर देशासाठी लढला, ही दोन वेगळी कामे नव्हती. आपल्या भोवतीच्या जागेची जबाबदारी आपली आहे, ही एकच धारणा दोन्हींच्या मुळाशी होती.

हे माझ्या मनातले नाही, याची साक्ष जुलै २०२५ ने दिली, आणि त्या घटनेला आपल्याकडे फार थोडी जागा मिळाली. भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या आणि खटले चालवणाऱ्या युक्रेनच्या दोन संस्थांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा तेथील संसदेने २२ जुलै रोजी घाईने संमत केला आणि राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. या संस्था २०१४ च्या मैदान आंदोलनानंतर उभ्या राहिलेल्या. संध्याकाळपर्यंत कीव्हमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाजवळील नाट्यगृहापुढच्या चौकात हजारो लोक जमले. ल्विव्ह, द्निप्रो आणि ओडेसातही जमले. त्यांत बहुसंख्य विशी-पंचविशीतले होते आणि मैदान आंदोलनाच्या वेळी ते प्राथमिक शाळेत असतील. देशात लष्करी कायदा लागू आहे, सभांवर बंदी आहे, आकाशातून कधीही मारा होऊ शकतो, हे सर्व ठाऊक असूनही ते आले. हातात छापील फलक नव्हते. सामानाच्या खोक्यांचा पुठ्ठा फाडून त्यावर जाड शाईने लिहिलेली वाक्ये होती, त्यांत शाळेत पाठ केलेल्या कवितांच्या ओळीही होत्या. संचारबंदीच्या आधी सर्व जण घरी जात आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा येत. एकही दगड उचलला गेला नाही. अखेर सरकारने माघार घेतली. ३१ जुलै रोजी पहाटे कीव्हवर झालेल्या भीषण हल्ल्यात तीसहून अधिक माणसे मरण पावली, आणि त्याच दिवशी ३३१ मतांनी, विरोधात एकही मत न पडता, संसदेने त्या संस्थांचे अधिकार परत दिले.

देश संकटात असताना सरकारला प्रश्न विचारू नयेत, असे आपण सहज म्हणून जातो. मीही वर्गात मुलांना अशाच अर्थाचे काही सांगितले असेल. कीव्हच्या मुलांनी आक्रमकाशी लढणाऱ्या आपल्या सरकारला पाठिंबाही दिला आणि त्याची चूक तोंडावर सांगितलीही, आणि यात विसंगती आहे असे त्यांना क्षणभरही वाटले नाही. ज्याच्यासाठी भाऊ आणि मित्र खंदकात उभे आहेत ते राज्य प्रामाणिक असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

या सर्वांचे कौतुक करताना एक गोष्ट मी विसरू इच्छित नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर हे काम पडायलाच नको होते. रात्री भोंग्यांमुळे झोप नाही, वर्गमित्र परदेशी पांगलेले, वडील आघाडीवर किंवा कबरीत, अशा स्थितीत ही मुले वाढत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वर्षांच्या पुरुषांना देशाबाहेर जाण्याची मुभा मिळाली आणि अनेकांनी ती घेतली. त्यांना दोष देण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. जे थकले, जे गेले, ते कमी प्रतीचे ठरत नाहीत, आणि या मुलांच्या जिद्दीच्या गोष्टी सांगताना आक्रमणाची क्रूरता सौम्य होऊन जाऊ नये, याची काळजी लिहिणाऱ्याने घ्यायला हवी.

माझी विनंती एवढीच आहे. दर वर्षी २४ फेब्रुवारीला आपण या युद्धाचा आढावा घेणारे विशेष पान काढता. येत्या वर्षी त्या पानावर याहिद्नेचे तळघर आणि ते गाव पुन्हा उभे करणारी मुले, तसेच जुलैच्या संध्याकाळी पुठ्ठ्याचे फलक धरून उभी राहिलेली मुले, यांच्यावर सविस्तर लेख यावा आणि शक्य असल्यास तो एखाद्या युक्रेनियन तरुणाने किंवा तरुणीने लिहिलेला असावा. मजकुराला जागा अपुरी पडणार असेल, तर युद्धभूमीचा नकाशा नेहमीपेक्षा एक स्तंभ लहान छापावा.

आपली,
एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका