14-5 वरून हरला म्हणजे विकला गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारी, 29 एप्रिल 2023 ला, इंग्लंडातल्या शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात सी जियाहुई हा वीस वर्षांचा चिनी मुलगा जागतिक स्नूकर स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरला. आयपीएलच्या गर्दीत आपल्या क्रीडा पानावर त्याला चार ओळी मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही, पत्राचं कारण वेगळं आहे.

बेल्जियमच्या लुका ब्रेसेलविरुद्ध सी 14-5 असा पुढे होता. सतरा फ्रेम (डाव) जिंकायच्या, म्हणजे उरल्या तीन. तिथून ब्रेसेलने सलग अकरा फ्रेम घेतल्या आणि सामना 17-15 असा खिशात घातला. क्रुसिबलवर एवढी पिछाडी आजवर कुणी भरून काढली नव्हती. आम्ही सात-आठ जण आमच्या स्नूकर क्लबात मोबाइल खिडकीत टेकवून बघत होतो. चौदा-चौदा झालं तेव्हा एक जण म्हणाला, "पोरगं ढेपाळलं." इथवर ठीक. लगेच दुसरा म्हणाला, "ढेपाळलं कसलं, सेटिंग आहे. चायनीज आहे ना!" सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाताना त्याची लाज वाटली.

संशय हवेतून आलेला नाही. फिक्सिंगच्या चौकशीत जानेवारीपर्यंत दहा चिनी खेळाडू निलंबित झाले, त्यात यान बिंगताओ आणि झाओ शिनतोंग ही मोठी नावं आहेत. पण सी त्या दहांत नाही. 2021 मध्ये यूके स्पर्धेत हौशी म्हणून उतरून त्याने माजी जगज्जेत्या शॉन मर्फीला हरवलं, तेव्हा हौशी खेळाडूंना इथे घेताच कशाला, म्हणून मर्फी चिडला होता. यंदा क्रुसिबलवर पदार्पणातच पहिली गाठ त्याच मर्फीशी, आणि सीने त्याला 10-9 असं पुन्हा घरी पाठवलं. मग मिल्किन्स, मग 13-12 असा मॅकगिल. तेव्हा कुणाला सेटिंग आठवलं नाही. (बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, हे आमच्या क्लबातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही. सेटिंग हा शब्द मात्र सगळ्यांना पाठ.)

स्नूकरमध्ये समोरच्याचा खेळ लागला की तो चुकेपर्यंत आपण खुर्चीत. टेनिसमध्ये निदान चेंडू आपल्याकडे येतो, इथे पाण्याचा घोट घ्यायचा आणि समोरच्याचे लाल-काळे चेंडू मोजत बसायचं. पाच-दहा मिनिटांनी टेबल मिळतं तेव्हा हात गार पडलेला असतो आणि नेमका लांबचा लाल मारायचा असतो. ब्रेसेल तर असा सुटला होता की अवघड पॉटही (चेंडू भोकात घालणं) धडाधड मारत होता. त्याच्या आधीच्याच सामन्यात सात वेळचा जगज्जेता ओ'सलिव्हन 10-6 असा पुढे होता, ब्रेसेलने सलग सात फ्रेम घेऊन त्यालाही गुंडाळलं. मग ओ'सलिव्हनही विकला गेला होता का? सोमवारी अंतिम सामन्यात ब्रेसेलने सेल्बीला 18-15 असं हरवून विजेतेपदही घेतलं. या वर्षाआधी क्रुसिबलवर त्याच्या नावावर एकही विजय नव्हता.

जुन्या मंडळींना 1982 आठवत असेल. उपांत्य फेरीच होती आणि जिमी व्हाइटही विशीतलाच. 15-14 असा पुढे, चालू फ्रेममध्ये 59-0 गुण, म्हणजे अंतिम फेरी हाताशी. एक पॉट चुकला आणि अ‍ॅलेक्स हिगिन्सने 69 चा ब्रेक (न चुकता सलग गुण) करून टेबल साफ केलं. पुढची निर्णायक फ्रेमही त्याचीच. त्या ब्रेकच्या गोष्टी आमच्या पिढीने चघळून चघळून सांगितल्या, पण जिमीने पैसे खाल्ले असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट हरल्यामुळेच तो लोकांचा लाडका झाला. सीच्या वाट्याला तेवढं तरी यावं की नाही?

सेटिंगवाल्या त्या मुलाला मी काल गाठलं. म्हटलं, "परवा माझ्याशी चाळीस पॉइंटने पुढे होतास आणि सोपा काळा सोडलास. किती घेतले होतेस?"

तो म्हणाला, "काका, टेबलाचे पैसेसुद्धा मीच दिले की!"

आपला,
एक नियमित वाचक, पुणे